कोपऱ्यातला संगणक आणि त्यात अडकलेली मराठी

शाळेच्या कार्यालयात, लोखंडी कपाटाच्या आडोशाला, जुन्या टॉवेलाखाली झाकून ठेवलेला एक संगणक आहे. मुलांना तो बंद पडलेला वाटतो. तो बंद नाही. महिन्यातून एकदा आम्ही तो मुद्दाम चालू करतो आणि पडद्यावर विंडोज ९८ चे चित्र येईपर्यंत खोलीत कुणी फारसे बोलत नाही. गेल्या पालक सभेत एका विश्वस्तांनी विचारले, "सर, हे भंगार अजून किती वर्षं सांभाळणार?" प्रश्न रास्त होता. सभेत दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून या अंकात थोडे सविस्तर लिहितो.

निमित्त एका पत्राचे. आपल्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आता हयात नाहीत. त्यांच्या मुलीने निपाणीहून लिहिले की वडिलांनी शाळेच्या २००३ च्या वार्षिक अंकात गावातल्या जुन्या विहिरींवर लेख लिहिला होता, त्याची प्रत मिळेल का? आम्ही छापील अंक शोधले. नेमका त्याच वर्षाचा गठ्ठा एका पावसाळ्यात आधी भिंतीच्या ओलीने आणि मग वाळवीने संपवला होता. तेवढ्यात आठवले की त्या अंकाचे टायपिंग आणि जुळणी शाळेतच झाली होती. जुन्या संगणकात फाइल सापडली. आनंदाने ती नव्या संगणकावर नेली, उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे यांची मिसळ! मराठीचे एक अक्षर नाही.

"फाइल खराब झाली," असे सगळे म्हणाले. पण फाइल खराब झाली नव्हती. तिच्यात मराठी कधी नव्हतीच.

मुलांनो, हे वाक्य विचित्र वाटेल, म्हणून नीट समजून घ्या. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक घर, आणि घराला एक नंबर. जुन्या पद्धतीत अशी २५६ घरे असत आणि त्यांतली पहिली १२८ इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे यांनी आधीच अडवलेली होती. भारतीय भाषांसाठी 'इस्की' नावाचे सरकारी मानक १९९१ साली ठरले. त्यात इंग्रजीला धक्का न लावता उरलेल्या घरांत आपल्या लिप्या बसवल्या होत्या. या क्षेत्रात पुण्याच्या सी-डॅक संस्थेने मोठे काम केले. पण छपाईवाल्यांची गरज वेगळी होती. त्यांना अर्धा त, पूर्ण त, 'क्ष', 'त्र', रफार, उकार असे सुटे तुकडे हवे होते, आणि तेही इंग्रजी कीबोर्डवर आणि इंग्रजी सॉफ्टवेअरमध्ये. मग फाँट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठीची चित्रे टांगली.

उदाहरणार्थ कृतिदेव फाँट घ्या. त्यात 'मराठी' हा शब्द लिहिण्यासाठी अनुक्रमे ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी बटणे दाबावी लागतात. फाइलीत साठतात तीच पाच इंग्रजी अक्षरे. कृतिदेव फाँट हजर असेल तर डोळ्यांना 'मराठी' दिसते, नसेल तर ईजेकेबीएच. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांचे फाँट असेच प्रत्येकाच्या वेगळ्या मांडणीचे. एकाची फाइल दुसऱ्याच्या फाँटमध्ये उघडली की अक्षरे मराठीच दिसतात, पण वाचायला गेले तर कुणी उलटी बाराखडी म्हणतोय असे वाटते.

आपल्या सीमाभागात तर हा घोळ दुप्पट. आपल्याकडे एकाच पत्रकात वर मराठी मजकूर आणि खाली कन्नड मजकूर लागतो. कन्नडचे जुने फाँटही याच इंग्रजी घरांत राहणारे. म्हणजे एकाच खोलीत दोन बिऱ्हाडे. ज्यांनी त्या काळी डीटीपीचे काम केले आहे त्यांना आठवत असेल, चुकून सगळा मजकूर निवडून फाँट बदलला की खालचे कन्नड एका क्षणात अगम्य मराठी होऊन बसे. मग प्रूफ काढून, कन्नड जाणणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवून ते पुन्हा जुळवायचे. मी स्वतः एका निमंत्रणपत्रिकेवर असा अख्खा रविवार घालवला आहे.

याचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीला स्वतंत्र घरे देण्याची ही व्यवस्था १९९१ साली सुरू झाली. तिच्यात देवनागरी 'क' चा नंबर २३२५ आणि कन्नड 'क' चा ३२२१. दोघे पुन्हा कधी एकमेकांच्या घरात शिरणार नाहीत. गंमत पाहा: देवनागरीची वस्ती २३०४ पासून सुरू होते आणि कन्नडची ३२०० पासून. वजाबाकी करा. दोन्हीकडे उत्तर २१ येते. दोन्ही वस्त्यांचा आराखडा त्या जुन्या इस्कीवरूनच घेतला असल्याने 'क' दोन्ही ठिकाणी त्याच जागी आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवरही तसेच, मराठी 'क' आणि कन्नड 'क' एकाच बटणावर. आपल्या मुलांना दोन्ही भाषा शिकाव्या लागतात, त्यांनी इनस्क्रिप्ट एकदा शिकले की दोन्ही लिप्या टाइप करता येतात. ही सोय सीमाभागाइतकी दुसऱ्या कुणाला उपयोगी असेल असे मला वाटत नाही.

मग तेव्हाच युनिकोड का वापरले नाही? कारण संगणक तयार नव्हते. विंडोज ९८ ला युनिकोडमधली मराठी नीट दाखवता येत नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, एक्सपीमध्ये कन्नड आले, आणि तेही मूळ सीडी घालून वेगळे बसवावे लागे. पेजमेकरला तर अखेरपर्यंत ते जमले नाही. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. पुढे त्याच कंपनीच्या इनडिझाइनमध्ये सीएस ६ पर्यंत पेजमेकरच्या फाइली उघडत होत्या, नंतरच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकली.

बेळगावात १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले. त्या वेळी छापलेला कागद आज हाती आला तर सातवीतली मुलगी तो घडाघडा वाचील. पुन्हा २००० साली य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात संमेलन झाले, तोवर छपाईची जुळणी संगणकावर होऊ लागली होती. त्या काळातली नुसती फाइल कुणी आज हातात दिली, तर ती वाचायला तोच फाँट, तेच सॉफ्टवेअर आणि बहुधा तसाच संगणक लागेल. आपल्या शाळेची १९७० च्या दशकातली हस्तलिखिते ग्रंथालयात शाबूत आहेत. अडचण आहे ती नंतरच्या, 'आधुनिक' वर्षांची.

तेव्हा विश्वस्तांना माझे उत्तर असे: हे यंत्र आपण कामासाठी ठेवलेले नाही. त्यातला मजकूर बाहेर काढेपर्यंत ते जगले पाहिजे, एवढेच.

ते जगवायचे कसे, हे आता थोडक्यात. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी असते, २०३२ क्रमांकाची, घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती संपली की संगणक तारीख आणि हार्ड डिस्कची माहिती विसरतो, आणि लोक समजतात यंत्र मेले. दुसरे, कपॅसिटर. २००० च्या आसपासच्या कित्येक मदरबोर्डांवर ते सदोष आले होते. डोके फुगलेला कपॅसिटर दिसला तर चांगला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस तो बदलून देतो. तिसरे, आपला पाऊस. दमट हवेत महिनोन्‌महिने बंद राहिलेले यंत्र अचानक चालू केले की धोका, म्हणून महिन्यातून एकदा तासभर चालवायचे. आमच्या पॉवर सप्लायमध्ये एकदा पालीने मुक्काम केला होता, तेव्हापासून मागची उघडी फट जाळीने बंद केली आहे. आणि एक इशारा: उत्साहाच्या भरात मेमरी वाढवू नका. विंडोज ९८ ला ५१२ एमबीपेक्षा जास्त मेमरी दिली तर ते सुधारण्याऐवजी रुसते.

सगळ्यात महत्त्वाचे, हा संगणक इंटरनेटला कधीही जोडायचा नाही. एक्सपीच्या सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या, ९८ च्या त्याच्या कितीतरी आधी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली होती. असा अपवाद दरवेळी होत नाही.

मजकूर बाहेर काढणे हेही एक प्रकरणच होते. विंडोज ९८ ला पेन ड्राइव्ह आपणहून ओळखता येत नाही, त्यामुळे पहिल्या फाइली १.४४ एमबीच्या फ्लॉपीवरून नेल्या. पुढे शहाणपण सुचले. हार्ड डिस्क काढली, बाजारात मिळणाऱ्या आयडीई-यूएसबी जोडणीने नव्या संगणकाला लावली आणि संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा घेतली. तिच्या तीन प्रती आता वेगवेगळ्या तीन ठिकाणी आहेत. त्यामुळे यंत्र उद्या बंद पडले तरी मजकूर जाणार नाही.

त्या प्रतिमेवरून नव्या संगणकाच्या आत एक 'आभासी' जुना संगणक चालवता येतो. व्हर्च्युअलबॉक्ससारखे मोफत सॉफ्टवेअर ते काम करते. खिडकीत विंडोज ९८ उघडलेले पाहून नववीची मुले टाळ्या वाजवू लागली. टाळ्या लवकर थांबल्या, कारण मराठी सॉफ्टवेअर चालेना. त्याला प्रिंटरच्या पोर्टात लावायचे एक कुलूप असते, ज्याला डीटीपीवाले नुसते 'लॉक' म्हणतात. ते असल्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि नव्या संगणकाला तसले पोर्टच नाही. दुसरे लॉक मिळावे म्हणून चौकशी केली, उत्तर आले नाही. म्हणूनच टॉवेलाखालचे यंत्र अजून हवे आहे. तिथे फाइल खऱ्या रूपात दिसते, छापून काढता येते आणि पुढच्या कामात ताडून पाहता येते.

पुढचे काम म्हणजे जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये रूपांतर. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या पद्धतीत 'किती' लिहिताना टाइपरायटरप्रमाणे आधी वेलांटी आणि मग 'क' येतो. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी 'क', मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट. 'सूर्य' मधला रफार जुन्या फाइलीत 'य' च्या नंतर आहे, युनिकोडमध्ये तो 'य' च्या आधी जायला हवा. परिवर्तकाला ही सगळी उचलाउचल करावी लागते आणि तिथे चुका होतात. शिवाय बरेच परिवर्तक हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले, त्यांना मराठीचा अर्धा ऱ ठाऊक नसतो. 'ॲ' चेही तसेच. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचे घर २००८ साली मिळाले, त्यामुळे त्याआधीच्या मजकुरात ते 'अ' वर चंद्र चढवून केलेले असते आणि शोधायला गेले तर सापडत नाही.

पालकांसाठी एक वेगळी गोष्ट. घरच्या संगणकावर विंडोज १० असेल, तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांवर बसत नाही, पण म्हणून यंत्र टाकायची घाई नको. त्यावर लिनक्स बसवता येते, आणि त्यात मराठी, कन्नड दोन्ही इनस्क्रिप्टसह चालतात. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकतात. संगणक प्रयोगशाळेतल्या यंत्रांबाबत विश्वस्तांनी याचा विचार करावा. आणि भंगारात द्यायचेच असेल तर आधी हार्ड डिस्क काढून घ्या आणि आत काय आहे ते बघा.

गुरुजींच्या लेखाचे रूपांतर झाले तेव्हा विहिरीच्या 'पायऱ्या' आणि रहाटाच्या 'दोऱ्या' सगळ्या मोडक्या निघाल्या. जुन्या यंत्रावरून छापलेली प्रत शेजारी ठेवून आठवीच्या सहा मुलांनी तीन शनिवार ओळन् ओळ ताडली. एका ठिकाणी "जत्रेच्या आचार्यांनी याच विहिरीचे पाणी भरले" असे आले होते. परिवर्तकाच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. एका मुलीने मात्र विचारले, "सर, आचार्य कशाला पाणी भरतील?" छापील प्रत पाहिली तर 'आचाऱ्यांनी' होते, जत्रेचा स्वयंपाक करणाऱ्यांनी.

लेख दुरुस्त होऊन निपाणीला गेला. १९९९ पासूनचे बाकीचे अंक अजून रांगेत आहेत. शनिवारी दुपारी साडेबाराला कार्यालयात बसतो. ज्या पालकांना शुद्धलेखनाची नजर आहे त्यांनी यावे, कन्नड मजकूर तपासायलाही दोघे हवे आहेत. आणि कुणाच्या घरी, बंद पडलेल्या प्रेसच्या सामानात, प्रिंटर पोर्टाचे जुने लॉक किंवा मराठी फाँटची सीडी पडली असेल, तर ती टाकू नका, आधी आम्हाला दाखवा.