मुंबई वेळ

'मुंबई वेळ' किंवा 'मुंबई टाइम' ही मुंबई शहराची जुनी स्थानिक वेळ होय. ती ग्रीनिच वेळेच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजेच आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. १ जानेवारी १९०६ रोजी भारतात प्रमाणवेळ लागू झाली. तरीही मुंबईतील नागरी व्यवहारांत ही वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली.

== फरकाचे कारण ==
पृथ्वीला एक रेखांश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. मुंबई सुमारे ७२ अंश ५० कला पूर्व रेखांशावर आहे, तर भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे. या अंतरामुळे मिर्झापूरच्या माथ्यावर आलेला सूर्य मुंबईच्या माथ्यावर येण्यास सुमारे ३९ मिनिटे अधिक लागतात.

== पार्श्वभूमी ==
पूर्वी प्रत्येक गाव आपल्या सूर्यानुसार वेळ पाळत असे. रेल्वे आल्यावर मात्र सर्व स्थानकांसाठी एकच वेळ आवश्यक ठरली आणि वेधशाळा असलेल्या मद्रासची वेळ रेल्वेने स्वीकारली. ही वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या कारकिर्दीत मुंबईतही मद्रास वेळ लागू करण्याचा प्रयत्न झाला. लोकांच्या विरोधामुळे १८८३ मध्ये तो मागे घ्यावा लागला.

== प्रमाणवेळेस विरोध ==
१९०६ ची प्रमाणवेळही मुंबईकरांनी सहजासहजी स्वीकारली नाही. गिरणी कामगारांच्या दृष्टीने हा केवळ घड्याळाच्या काट्यांचा प्रश्न नव्हता. गिरणीचे दार प्रमाणवेळेनुसार सकाळी ६ वाजता उघडायचे ठरले, तर सूर्याच्या हिशेबाने तेव्हा ५ वाजून २१ मिनिटेच झालेली असत. कामगाराला तेवढ्या आधी अंधारात घर सोडावे लागे. त्यातच बंगालच्या फाळणीमुळे सरकारविषयी असंतोष होता. परक्या सरकारने लोकांना न विचारता त्यांची वेळ बदलावी, हेच अनेकांना अमान्य होते. महानगरपालिकेने मुंबई वेळच कायम राखली. कलकत्त्यातही स्थानिक वेळ १९४८ पर्यंत पाळली जात होती. ती प्रमाणवेळेच्या सुमारे २३ मिनिटे पुढे होती.

== दुहेरी वेळेची गंमत ==
रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या प्रमाणवेळ पाळत, तर शहराच्या इतर व्यवहारांत मुंबई वेळ चाले. त्यामुळे वेळ सांगताना ती 'मुंबई टाइम' की 'स्टँडर्ड टाइम', हे स्पष्ट करणे आवश्यक असे. प्रमाणवेळेने १० वाजता सुटणारी गाडी मुंबई वेळेच्या घड्याळात ९ वाजून २१ मिनिटांनीच सुटे. साहजिकच, आपल्या घड्याळात १० वाजलेले पाहून स्थानकात शिरणाऱ्या प्रवाशाची गाडी ३९ मिनिटांपूर्वीच गेलेली असे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशातील घड्याळे एक तास पुढे केली गेली आणि या हिशेबात आणखी भर पडली.

== सद्यस्थिती ==
मुंबई वेळ आता व्यवहारात नाही. सूर्याने मात्र ती सोडलेली नाही. मुंबईत मोकळ्या जागी उभ्या रोवलेल्या काठीची सावली दुपारी १२ वाजता सर्वांत आखूड नसते. वर्षाच्या सरासरीने ती १२ वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास सर्वांत आखूड होते. ऋतुमानानुसार ही वेळ साधारण पाव तास मागेपुढे होते.