महारोहिणीची रुंदी आणि विम्याची धास्ती

घरातला कर्ता पुरुष किंवा कॉलेजात जाणारा मुलगा धडधाकट असताना एकाएकी जातो, आणि मागे ‘हार्टफेल’ एवढा एकच शब्द उरतो. अशा काही मृत्यूंच्या मुळाशी अनुवंशाने आलेला हृत्स्नायूंचा विकार असतो. या विकारात डाव्या जवनिकेची भिंत, विशेषतः दोन जवनिकांमधला पडदा, नेहमीपेक्षा जाड होतो. सुमारे ५०० माणसांत एकाला हा विकार असतो. आईवडिलांपैकी एकाकडे जनुकदोष असल्यास तो प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता निम्मी असते.

या रुग्णांपैकी काहींमध्ये हृदयातून निघणारी महारोहिणीही रुंदावलेली आढळते. वाढते वय आणि उच्च रक्तदाब ही रुंदावण्याची नेहमीची कारणे आहेत. तेव्हा दर वेळी दोष हृत्स्नायूंच्या विकारालाच देता येणार नाही. प्रौढ माणसात महारोहिणीच्या आरंभीच्या भागाचा व्यास सामान्यतः ४ सेंटीमीटरांच्या आत असतो. तो वाढताना बहुधा दुखत नाही की खुपत नाही. ५.५ सेंटीमीटरांच्या आसपास मात्र भिंत चिरण्याचा धोका असा वाढतो की शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. ज्या इको तपासणीत पडद्याची जाडी मोजतात, तिच्यातच हा व्यासही मोजता येतो. सीमान्त खर्च शिकवताना मी वर्षानुवर्षे कारखान्यांची उदाहरणे देत आलो. याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

रुग्णाच्या भावंडांनी व मुलांनी इको करून घ्यावा, असे डॉक्टर सांगतात. पुष्कळ घरांत ते होत नाही. पैशाची अडचण असतेच. शिवाय मुलीचे लग्न आणि विमा आड येतात. लग्नाबाबत लेख लिहून काही साधेल असे वाटत नाही. विम्याबाबत मात्र बोलले पाहिजे.

दिल्लीतील एका विमेदाराला हाच विकार होता. जनुकीय विकार पॉलिसीतून वगळले आहेत, या सबबीवर त्याचा दावा नाकारला गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असे सरसकट वगळणे घटनेच्या १४ व्या अनुच्छेदाशी विसंगत ठरवले. पुढच्याच महिन्यात विमा नियामक प्राधिकरणाने, केवळ जनुकीय विकार म्हणून दावे फेटाळू नयेत, असे कंपन्यांना बजावले. निकालाच्या व्यापक भागाला त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली, हेही नोंदवले पाहिजे.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. आपला आजार ठाऊक असलेलेच विमा घेऊ लागले, तर हप्ते चढतात आणि निरोगी माणसे बाहेर पडतात. परंतु तपासणीमुळे संरक्षण जाईल अशी धास्ती ज्याला वाटते, तो तपासणीच टाळतो. मग वेळीच ठरवून करता आली असती ती शस्त्रक्रिया मध्यरात्री, अधिक खर्चाने आणि कमी आशेने करावी लागते. तो खर्चही कोणाच्या तरी हिशेबात पडतोच.

तूर्त, ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी इकोच्या कागदावर पडद्याच्या जाडीबरोबर महारोहिणीच्या व्यासाचा आकडा आहे की नाही, हे पाहावे. नसल्यास डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला?