थकव्याचा पुरावा : अमेरिकी माजी सैनिकांच्या अपिलांतील व्याख्येचा प्रश्न

‘मी थकलो आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या अगदी साधे आहे. परंतु ते खरे आहे असे दुसऱ्यास पटवून द्यावयाचे झाल्यास बोलणाऱ्याच्या शब्दापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. जखम दाखविता येते, मोडलेले हाड क्ष-किरणांत दिसते. थकवा मात्र सांगावाच लागतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जे माजी सैनिक ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ या व्याधीमुळे अपंगत्व-वेतन मागतात, त्यांच्या अपिलांतील मुख्य अडचण हीच आहे. वैद्यक व विधी यांच्याइतकाच या प्रश्नाचा भाषेशीही संबंध असल्यामुळे त्याचा येथे थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

अशा मागणीस सामान्यतः तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : आज व्याधी आहे, सेवाकाळात काही घटना वा आजार घडला होता, आणि या दोहोंत संबंध आहे. या व्याधीचे कारणच वैद्यकशास्त्राला निश्चितपणे सांगता येत नसल्यामुळे तिसरी अट पुरी करणे जवळजवळ अशक्य होते. २ ऑगस्ट १९९० पासून सुरू झालेल्या आखाती युद्धाच्या प्रदेशात सेवा केलेल्या सैनिकांसाठी १९९४ साली काँग्रेसने यावर एक तोड काढली. ज्या आजाराचे निदान होऊ शकत नाही, त्याचा सेवेशी संबंध आहे असे गृहीत धरावे, असे त्या कायद्याने ठरविले. पण यातून एक विलक्षण परिस्थिती उद्भवली. डॉक्टरने आजारास ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ असे नाव दिले की त्याचे निदान झाले असे ठरे. आणि निदान झाले की त्या गृहीताचा आधार निसटे. आजार तोच, वेदना तीच. नाव मिळताच हक्क जाण्याची वेळ येई. २००१ च्या दुरुस्तीने ‘वैद्यकीय दृष्ट्या अस्पष्टीकृत बहुलक्षणी दीर्घ आजार’ असा नवा वर्ग निर्माण केला व त्यात या व्याधीचा नावाने उल्लेख केला, तेव्हा हा पेच सुटला. पुढे २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने आजार किमान दहा टक्के तीव्रतेचा असावा व ठराविक मुदतीत प्रकट व्हावा, या अटीही काढून टाकल्या.

परंतु नाव कायद्यात आले, तरी ते कोणास लागू पडते हा प्रश्न उरतोच. नियमानुसार निदानास तीन अटी आहेत. नव्याने उद्भवलेल्या दुर्बल करणाऱ्या थकव्यामुळे दैनंदिन हालचाल नेहमीच्या निम्म्याहून कमी झालेली असावी व ही स्थिती किमान सहा महिने टिकलेली असावी; तशीच लक्षणे उत्पन्न करणारे इतर सर्व विकार तपासणीने वगळलेले असावेत; आणि दहा लक्षणांच्या यादीतील सहा वा अधिक लक्षणे असावीत. या यादीत बारीक ताप, घसादुखी, सांधेदुखी, निद्रानाश इत्यादींच्या पंक्तीस श्रमानंतर चोवीस तास वा अधिक टिकणारा थकवा हेही एक लक्षण आहे. याउलट २०१५ साली अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने सुचविलेल्या व्याख्येत श्रमानंतर प्रकृती ढासळणे हे अपरिहार्य लक्षण मानले आहे. म्हणजे चिकित्सक ज्यास व्याधीचे हृदय मानतो, ते नियमाच्या दृष्टीने दहांपैकी एक आहे. डॉक्टरचा अभिप्राय वैद्यकीय दृष्ट्या निर्दोष असूनही नियमाच्या शब्दांशी जुळला नाही, तर तो अपुरा ठरू शकतो.

निदान ही एक गोष्ट झाली. तीव्रतेचे मूल्यांकन ही दुसरी. त्यासाठी १०, २०, ४०, ६० व १०० टक्के अशा पायऱ्या आहेत. लक्षणे जवळजवळ सतत असतील तर हालचाल किती घटली हे पाहतात. ती चढउतार करीत असतील तर वर्षातील ‘असमर्थते’चे आठवडे मोजतात. उदाहरणार्थ, एकूण सहा आठवडे भरले तर ६० टक्के. येथे ‘असमर्थता’ हा शब्द नीट तपासला पाहिजे. नित्य व्यवहारात जो उठू शकत नाही तो असमर्थ. नियमात मात्र ज्या काळासाठी डॉक्टरने अंथरुणातील विश्रांती व उपचार लिहून दिले होते, तेवढाच काळ असमर्थतेचा. व्याधी जुनी झाल्यावर रुग्ण डॉक्टरकडे न जाता स्वतःच पडून राहतो, कारण जाण्यायेण्याचे श्रमच पुढचे चार दिवस खातात. हे दिवस त्याच्या आयुष्यातून वजा होतात. पण नोंद नसल्यामुळे हिशेबात धरले जात नाहीत.

मागणी फेटाळली गेल्यास २०१९ पासून तीन मार्ग खुले आहेत : नवा व संबद्ध पुरावा देऊन पुरवणी अर्ज; नव्या पुराव्याविना वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी; किंवा अपील मंडळाकडे दाद. एक वर्षाच्या आत मार्ग धरल्यास मूळ अर्जाची तारीख टिकते. मंडळाच्या निर्णयावर १२० दिवसांत माजी सैनिकांच्या विशेष अपील न्यायालयात जाता येते. जेथे उणीव पुराव्याची आहे, तेथे पहिला मार्ग हिताचा. फेरतपासणीत रोजनिशी वा नवा अभिप्राय दाखल करता येत नाही.

आणि पुरावा म्हणून स्वतःच्या व आप्तांच्या कथनास स्थान आहे. समकालीन वैद्यकीय नोंद नाही एवढ्याच कारणाने असे कथन अविश्वसनीय ठरविता येणार नाही, असे २००६ च्या ‘बुकॅनन’ निकालात सांगितले आहे. शिवाय अनुकूल व प्रतिकूल पुरावा साधारण समतोल असेल, तर संशयाचा लाभ सैनिकास द्यावा असा कायदा आहे. मात्र हा समतोल होता की नाही याविषयीचा मंडळाचा निष्कर्ष उघड चूक असल्याखेरीज विशेष न्यायालयाने सामान्यतः बदलू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ‘बफ्किन’ निकालात ठरविले. तेव्हा पुराव्याची बाजू आरंभीच भक्कम करणे अधिकच अगत्याचे झाले आहे.

यावरून अर्जदाराच्या भाषेविषयी एक निष्कर्ष निघतो. ‘फार थकवा येतो’ या विधानाला मोजमाप नाही. ‘पूर्वी दोन मैल चालत असे, आता जिना चढल्यावर दुसरा दिवस अंथरुणात जातो’ या विधानाला आहे. पहिले वाक्य कमी खरे नाही. पण नियम ज्या भाषेत प्रश्न विचारतो, तिच्यात दुसरेच उत्तर देते. थकलेल्या माणसाने आपल्या थकव्याचे असे भाषांतर करावे अशी अपेक्षा बाळगणारी व्यवस्था त्याच्याकडून नेमके तेच श्रम मागत असते, जे करण्याची शक्ती त्याच्यापाशी उरलेली नसते. म्हणून हे काम त्याच्या वतीने करणाऱ्या डॉक्टरास, वकिलास व आप्तांस नियमातील प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असणे अगत्याचे आहे.