यंत्र, मजूर आणि मालकाची जबाबदारी

१९४९ साली मुंबईच्या उपनगरात वसविलेली आरे कॉलनी म्हटली, की डोळ्यांपुढे हिरवळ आणि म्हशींचे गोठे येतात. यंत्र सहसा येत नाही. पण जेथे जनावरे तेथे वैरण आली, आणि वैरण कापावयाची तर विजेवर चालणारे कुट्टीयंत्रही आले. समजा, त्या यंत्रात वैरण सारताना एखाद्या गड्याचा अंगठा तुटला. मालक म्हणतो, ‘त्याचे लक्ष नव्हते.’ शेजारी म्हणतात, ‘नशीब त्याचे!’ कायदा काय म्हणतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पूर्वी कायदाही मालकासारखाच बोलत असे. भरपाई हवी तर मालकाचा हलगर्जीपणा मजुराने सिद्ध करावा. शिवाय १८३७ सालच्या एका इंग्रजी खटल्यातून असा नियम निघाला, की इजा सोबतच्या कामगाराच्या चुकीने झाली, तर मालक जबाबदार नाही. हातपाय गमावलेल्या माणसाला यातून काय मिळणार?

याविरुद्ध मुंबईत आवाज उठला तो १८८४ साली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी जमविलेल्या सभांनंतर सुमारे साडेपाच हजार गिरणी-कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारच्या सुट्टीबरोबर त्यात एक मागणी अशी होती : कामावर जबर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तजवीज व्हावी. भरपाईचा कायदा झाला १९२३ साली आणि अमलात आला १ जुलै १९२४ रोजी, म्हणजे तब्बल चाळीस वर्षांनी!

या कायद्याने प्रश्नच बदलला. ‘चूक कोणाची?’ असे न विचारता तो विचारतो, ‘अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला काय?’ यंत्रापासून नफा ज्याचा, जोखीमही त्याची, हे यातील तत्त्व. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच कायम आहे. अवयवांची टक्केवारी ठरलेली आहे : अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे धरतात; मग पगार व वय पाहून रक्कम निघते. विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराला मात्र हा लाभ राज्य विमा महामंडळाकडून मिळतो.

मालकाला काही सबबी आहेत. मजूर नशेत होता, किंवा यंत्राचे संरक्षक झाकण त्याने जाणूनबुजून काढले, तर मालक सुटू शकतो. परंतु मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्व आल्यास या सबबी चालत नाहीत. साधी गाफिली ही तर सबबच नव्हे. माणूस ठेकेदाराचा होता, एवढ्यानेही मूळ मालकाची सुटका होत नाही. आणि थोडे पैसे हातावर ठेवून ‘आता हक्क नाही’ असे लिहून घेतलेला कागद कायद्याने निरर्थक आहे.

अडचण वेगळीच असते. हजेरीपुस्तकात नाव नसलेला परमुलखातला गडी आपण येथे कामाला होतो हेच दाखवू शकत नाही. म्हणून अपघाताच्या दिवशीच तारीख, साक्षीदार, रुग्णालयाचे कागद आणि पगाराचा पुरावा जपून ठेवावा. हे काम त्याच्या शेजारी राहणाऱ्या शिकलेल्या माणसाला सहज करता येते, आणि ते त्याचे कर्तव्यही आहे, असे आम्हांस वाटते. भरपाईने तुटलेला अंगठा परत येत नाही. पात्यावरचे झाकण मात्र तो वाचवू शकते.