विश्लेषण : फोनच्या गाभ्यातील १६ केबी जागा इतकी महत्त्वाची का?

अ‍ॅप बंद पडले तर पुन्हा उघडता येते. पण अ‍ॅण्ड्रॉइड फोनचा गाभा, म्हणजे लिनक्स कर्नल कोलमडला, तर अख्खा फोन रिस्टार्ट होतो. कधी कधी अशाच त्रुटीतून हल्लेखोराला यंत्राचा ताबाही मिळू शकतो. यामागचे एक जुने कारण म्हणजे स्वतःलाच बोलावत राहणारा कोड.

स्टॅक म्हणजे काय?
एक फंक्शन दुसऱ्याला काम सांगते, तेव्हा परत कुठे यायचे याची नोंद स्टॅकमध्ये राहते. काम संपले की नोंद निघते. फंक्शन स्वतःलाच बोलावू लागले, तर त्याला रिकर्शन म्हणतात. त्यात ताटांच्या चळतीप्रमाणे नोंदींवर नोंदी चढत जातात.

कर्नलमध्ये धोका अधिक का?
लिनक्सवर साध्या प्रोग्रॅमला सहसा ८ एमबीपर्यंत स्टॅक मिळतो. कर्नलमध्ये मात्र ६४ बिट यंत्रांवर एका थ्रेडला साधारण १६ केबी, म्हणजे ५१२ पट कमी. इंटेल-एएमडी संगणकांवर तर २०१४ पर्यंत ८ केबीच होते. थ्रेड हजारो असू शकतात आणि प्रत्येकासाठी जागा आधीच राखावी लागते, म्हणून ही काटकसर. प्रत्येक फेरीला २०० बाइट लागले, तर ८१ फेऱ्यांतच जागा संपते. हा स्टॅक गरजेनुसार वाढत नाही. गार्ड पेजसारखे संरक्षण नसेल, तर पुढचा मजकूर शेजारच्या मेमरीवर लिहिला जातो.

प्रत्यक्षात काय घडले?
२०१६ मध्ये गुगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’चे यान हॉर्न यांनी ‘ई-क्रिप्टएफएस’ या फाइल सिस्टिमशी संबंधित त्रुटी उघड केली. एका प्रोसेसची माहिती वाचायला गेले की दुसरीची, मग तिसरीची वाचावी लागेल, अशी साखळी मुद्दाम रचता येत होती. साखळी लांबवली की कर्नलचा स्टॅक ओसंडून वाही आणि साध्या वापरकर्त्याला सर्वोच्च अधिकार मिळवता येत.

उपाय काय?
पहिला उपाय, रिकर्शनऐवजी लूप. एक फाइल दुसरीकडे बोट दाखवते, त्या सिमलिंकचा माग लिनक्स पूर्वी रिकर्शनने काढत असे. म्हणून एकात एक ८ लिंकचीच मुभा होती. २०१५ च्या ४.२ आवृत्तीत हे काम लूपने होऊ लागले. आता एकूण ४० लिंकची मर्यादा आहे. ती ओलांडली की कर्नल निमूटपणे एरर देऊन थांबतो.

दुसरा, खोलीला लगाम. एका फाइल सिस्टिमवर दुसरी रचण्याचे थर दोनपुरतेच मर्यादित आहेत.

तिसरा, गार्ड पेज. २०१६ च्या ४.९ आवृत्तीपासून इंटेल-एएमडी संगणकांवर स्टॅकच्या कडेला मेमरीचे रिकामे पान ठेवण्याची सोय झाली. तिथे पाऊल पडताच चूक पकडली जाते. यंत्रणा बंद पडू शकते, पण शेजारची मेमरी गुपचूप बिघडत नाही.

वापरकर्त्याने काय करावे?
अशा दुरुस्त्या फोनपर्यंत सिक्युरिटी अपडेटमधूनच पोहोचतात. ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे.