जुनी कार घेताय? आरसीवर अपघात दिसत नाही. टोकन देण्याआधी या तीन ठिकाणी बघा

फैजपूर : केळीचे पैसे हातात आले, घरात लग्न ठरलं, किंवा आईवडिलांना दवाखान्यासाठी सारखं जळगाव-भुसावळला न्यावं लागतं, म्हणून आपल्याकडे बरेच जण सेकंडहँड कार बघायला निघतात. गाडी चकाचक असते, कागद पूर्ण असतात आणि भाव बाजारापेक्षा कमी सांगितला जातो. मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकून बघितला, सगळं बरोबर निघालं, की लगेच टोकन दिलं जातं. गडबड इथंच होते.

आरसी आणि ॲपवर गाडीचं मॉडेल, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, फिटनेस, पीयूसी आणि बँकेचा बोजा कळतो. पण गाडी कुठं ठोकली गेली, पलटी झाली की पुरात बुडाली, हे तिथं लिहिलेलं नसतं. म्हणजे कागद स्वच्छ असले म्हणून गाडी स्वच्छ असेलच असं नाही.

मोडलेली गाडी परत बाजारात कशी येते?

विम्यात गाडीची एक किंमत ठरलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. मालकाला पैसे मिळतात आणि मोडलेली गाडी बहुतेक वेळा लिलावात जाते. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करून घ्यावी, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. पण आरसी रद्दच झाली नाही, तर तीच गाडी ठोकठाक करून, रंग मारून, त्याच नंबरवर पुन्हा विकायला उभी राहू शकते.

पुराच्या गाड्यांचंही तसंच. २६ जुलै २००५ ला मुंबई, ऑगस्ट २००६ मध्ये आपल्याच तापीच्या पुरात सुरत, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूर आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदरा. प्रत्येक वेळी गाड्या पाण्याखाली गेल्या. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आपल्या गावातूनच गुजरातकडे जातो, सुरतेत अनेकांचे पाहुणे आहेत, त्यामुळे जीजे पासिंगच्या गाड्याही बघण्यात येतात. गुजरातची प्रत्येक गाडी वाईट नसते. पण बाहेरची गाडी असली की पुराच्या महिन्यात ती कुठं उभी होती, हे विचारायलाच हवं.

१. विम्याची पॉलिसी

फक्त तारीख बघू नका, 'एनसीबी' किती टक्के आहे ते बघा. क्लेम घेतला नाही तर ही सवलत वाढत जाते : पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. एकाच मालकाची सहा वर्षांची गाडी, फुल विमा दरवर्षी चालू, आणि एनसीबी शून्य किंवा २० टक्के? मग अलीकडे क्लेम झालेला असू शकतो. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एनसीबी मालकाची असते, गाडीची नाही, म्हणून दुसऱ्या मालकाकडे ती नव्यानं सुरू होते. पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली तरी ती जाते. शंका आली तर विकणाऱ्यालाच त्याच्या विमा कंपनीकडून आधीच्या क्लेमची माहिती मागवायला सांगा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर एनसीबी नसते, तेव्हा जुन्या पॉलिस्या मागा.

२. सर्व्हिसचं रेकॉर्ड

गाडीचं काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला होत असेल तर तिथं नोंद असते. मालकाला सोबत घेऊन जा. दोन गोष्टी बघा : दर सर्व्हिसला किलोमीटर वाढत गेले आहेत का, आणि बॉडीचं मोठं काम कधी झालंय का. मध्येच वर्ष-दीड वर्ष काही नोंद नसेल तर काम बाहेर कुठं झालं ते विचारा.

३. गाडीचा पत्रा आणि आतला भाग

गाडी दिवसा, उन्हात आणि कोरडी असताना बघा. सोबत ओळखीचा मिस्त्री आणि डेंटिंग-पेंटिंगवाला न्या.

- बोनेट, दरवाजे, डिक्कीचे नटबोल्ट बघा. त्यांच्यावरचा रंग खरवडलेला असेल तर ते खोललेले आहेत.
- दरवाजाचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघा. कंपनीचे ठिपके एकसारखे असतात.
- कापडात गुंडाळलेला लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. एखाद्या जागी नीट धरला नाही तर तिथं पुट्टी भरलेली असेल. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथं तो धरणारच नाही.
- सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. खाली चिखलाचा डाग असेल तर पाणी लागलेलं असू शकतं. मॅटच्या खाली, सीटच्या रुळांवर आणि स्टेपनीच्या खड्ड्यात गंज किंवा गाळ शोधा. काचा बंद करून पाच मिनिटं बसा, कुबट वास येतो का बघा.
- चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही किंवा विझलाच नाही तर पुढं जाऊ नका. एकदा फुटलेली एअरबॅग न बदलता वरून कव्हर लावलेलं असेल, तर पुढच्या अपघातात ती उघडणार नाही. इथं प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे.
- चेसिस नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. खरवडल्याची खूण दिसली तर सौदा सोडा.

लिहून घ्या, नावावर करून घ्या

'गाडीला मोठा अपघात झालेला नाही, पुराचं पाणी लागलेलं नाही' हे विकणाऱ्याकडून सहीनिशी लिहून घ्या. जो खरं बोलतोय तो सही करायला घाबरत नाही. डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं प्रमाणपत्र बघा. तसा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. डीलरनं फसवलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते, ग्राहक आयोगातही जाता येतं. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी, पैसे नंतर.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो.

'आजच टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे' असं कुणी म्हटलं तर जाऊ द्या ती गाडी. दोन दिवस थांबून तपासल्यानं बिघडत काही नाही.