संशोधन मार्गदर्शकपद : पात्रता, अधिकार आणि मर्यादा

निघोजे-चाकण औद्योगिक पट्टा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. येथील अध्यापकाला वर्गात शिकविण्याचा अधिकार नियुक्तीने मिळतो, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास मार्गदर्शन करण्याचा अधिकार मात्र विद्यापीठाच्या स्वतंत्र मान्यतेनेच प्राप्त होतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार मार्गदर्शक हा पीएच.डी.धारक, पूर्णवेळ व कायम अध्यापक असावा लागतो. सहायक प्राध्यापकाचे समीक्षित नियतकालिकांत किमान ३ शोधनिबंध प्रसिद्ध झालेले असावेत. २०१६ च्या विनियमांत २ पुरेसे होते. सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांना ५ आवश्यक. सहायक प्राध्यापकास एका वेळी ४, सहयोगी प्राध्यापकास ६ आणि प्राध्यापकास ८ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीस ३ वर्षांहून कमी अवधी उरल्यास नवा विद्यार्थी स्वीकारता येत नाही.

एम.फिल.धारकांचे स्थान यात विचित्र आहे. याच विनियमांनी तो अभ्यासक्रम बंद केला. पूर्वीची पदवी वैध असून किमान ५५ टक्के गुण असल्यास ती पीएच.डी. प्रवेशास उपयोगी पडते. मार्गदर्शकपदासाठी मात्र ती पुरत नाही.

तथापि खरी कोंडी तासिका तत्त्वावरील अध्यापकांची आहे. पीएच.डी. व शोधनिबंध असूनही, केवळ नियुक्ती कायम नाही म्हणून, त्यांना मार्गदर्शक होता येत नाही. निकष गुणवत्तेचे असले तरी दार उघडते ते पदभरतीने. आणि भरती रखडली की मार्गदर्शकांबरोबर संशोधनाच्या जागाही घटतात.